सबिनाला दुसरं मत

सबिना लॅवेलने दार वाजवलं की आतली बाई आधी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून देवाचं नाव घ्यायची आणि मग विचारायची, "कोण गेलं?"

त्यात सबिनाची चूक नव्हती. आमच्या रॉसकॅरा गावात कुणी मेलं की आरसा झाकायचा, घड्याळ थांबवायचं, शरीर धुवायचं, तपकिरी झगा चढवायचा आणि बोटांत जपमाळ गुंफायची, हे सगळं काम तिचं. पुरुष असला तर दाढीसाठी मला बोलावणं यायचं. मी फेस्टी टुही, गावचा न्हावी. ती बादल्या घेऊन पुढे आणि मी वस्तरा घेऊन मागे, अशी आमची वरात किती वर्षं गावभर फिरली देव जाणे. तेवढीच वर्षं आम्ही भांडलो. मी साबण लावताना चिक्कूपणा करतो असं तिचं म्हणणं, आणि मेलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही असं माझं.

बाई उंच, हाडापेराने दणकट, हात पाण्यात राहून कायमचे लाल झालेले. नवरा इंग्लंडात लँकेशरला खोदकामावर गेला आणि तिकडेच मातीखाली सापडून मेला. सगळ्या गावाला शेवटचं पाणी घालणाऱ्या या बाईला स्वतःच्या नवऱ्याला ते घालता आलं नाही. ती हे कधी बोलली नाही. पण इंग्लंडला कामाला निघालेला पोरगा दिसला की त्याच्यावर उगाच खेकसायची, ते त्यामुळेच, असं मी आपलं धरून चाललो आहे. आणखी एक सवय होती तिची. जिवंतपणी कुणी कितीही मोठा असो, एकदा खाटेवर आडवा झाला की ती त्याला "तू"च म्हणायची. न्यायाधीशाच्या प्रेताला "हात सोड बघू बाबा" म्हणताना मी तिला या कानांनी ऐकलं आहे.

ती राहायची टॅनयार्ड गल्लीत. गल्ली उताराची, आणि उताराच्या तळाशी विहीर. वरच्या अंगाला गस डेव्हनीचं खाटिकखान्याचं आवार. पाऊस पडला की त्या आवारातलं काय काय उतारावरून खाली यायचं ते जेवणाऱ्या माणसासमोर सांगण्यासारखं नाही. गल्लीतली पोरं पावसाळी हिवाळ्यात तापाने जायची. डॉक्टर म्हणायचा टायफॉइड, म्हातारे म्हणायचे देवाची मर्जी, आणि नगरपालिका म्हणायची पुढच्या बैठकीत बघू. वरच्या मोठ्या रस्त्यावर बँकेच्या दारात चांगल्या पाण्याचा नळ होता. तिथून गल्लीच्या तोंडापर्यंत लोखंडी पाइप आणायचा, एवढंच काम. पण त्या गल्लीतली निम्मी घरं गसची, गस नगरपालिकेत, आणि नळ आला की आवार बंद करायची मागणीही त्याच्यामागून येणार हे कळण्याइतका गस हुशार होता.

गसला नुसता खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याच्या दुकानात एका टोकाला चहा आणि पीठ, दुसऱ्या टोकाला काळी बिअर आणि मागच्या अंगणात शवपेट्या. माणूस एकदा त्याच्या दारात शिरला की थेट कबरीपर्यंतची सोय. मोठ्या फ्लूच्या साथीत लोक पटापट मेले तेव्हा या गसने एकालाही पेटीशिवाय मातीत जाऊ दिलं नाही. पैशाचं नाव काढलं नाही, स्वतः रंधा घेऊन फळ्या तासल्या. गल्ली ते विसरली नव्हती, आणि विसरायला नकोच होती.

मग एकोणीस सालच्या शरदात कॉलमन रुएनची पेग गेली. पाच वर्षांची, दातांत फट असलेली, माझ्या दुकानातल्या खुर्चीवर गोल गोल फिरायला यायची ती. सबिनाला बोलावलं. तिने बादली उचलली, विहिरीपाशी गेली, आणि रिकामी बादली घेऊन परत आली.

"हिला मारलं त्याच पाण्याने हिला धुणार नाही," ती म्हणाली.

ती सरळ वर मोठ्या रस्त्यावर गेली आणि बँकेसमोरच्या नळाखाली बादली लावली. नगरपालिकेचा एक माणूस धावत आला. हा नळ या रस्त्याच्या घरपट्टीदारांसाठी आहे, गल्लीसाठी नाही, असं त्याने सांगितलं. सबिनाने नळ बंद केला नाही. तिने एवढंच विचारलं, "मग पोरीला इथे आणून धुऊ का?" तो माणूस टोपी नीट करत निघून गेला.

त्या रात्री पेगच्या उशाशी सगळे बसले होते, तंबाखूच्या मातीच्या चिलमी हातोहात फिरत होत्या. सबिनाने मला बाहेर बोलावलं आणि जानेवारीत नगरपालिकेला उभी राहणार म्हणून सांगितलं. मी हसलो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये असं तिला समजावलं. घर गसचं, पेट्या गसच्या, काम गसमुळे मिळणारं. ती म्हणाली, मासा आपल्या जागी राहू दे, मला फक्त पाणी हवंय.

त्या वर्षी मतदानाची रीतच बदलली होती. आधी एका नावापुढे फुली मारायची, संपलं. आता नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, ज्याला आधी हवा त्याला एक, तो नाही तर दुसरा, तोही नाही तर तिसरा. आमच्या वॉर्डात चार जागा आणि नऊ उमेदवार. अल्पसंख्यांनाही जागा मिळावी म्हणून इंग्रज सरकारने ही रीत काढली असं कुणी म्हणायचं, स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला जास्त जागा मिळू नयेत म्हणून काढली असं दुसरा. मला वाटलं, लोकांना गोंधळात पाडण्यासाठी काढली.

सबिना उभी राहते हे ऐकून गस चिडला नाही. उलट दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं उभी राहा की. माझ्या लोकांना मी सांगतो, एक मला, दोन सबिनाला. आता तरी हसशील?" आणि त्याने खरंच सांगितलं. पीठ मोजताना सांगितलं, ग्लास भरताना सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं. त्याला त्यात काय जात होतं?

सबिनाला मात्र ते पटलं. तिची वाढच तशी. मेलेल्याच्या घरी ती आयुष्यभर मागच्या दाराने गेलेली. प्रचारालाही ती मागच्याच दाराने जायची, आधी घरातल्या बाईला "कुणी गेलं नाही, घाबरू नकोस" म्हणून पाणी प्यायला लावायची, आणि मग म्हणायची, "तुमचं पहिलं मत ज्याला द्यायचं त्याला द्या. शब्द मोडू नका. मला दुसरं द्या." लोकांना केवढं बरं वाटायचं! पहिलं मत चुलत्याला, नाहीतर फादरने सुचवलेल्याला, नाहीतर गसला, हे प्रत्येकाचं आधीच ठरलेलं. दुसरं मत कुणी मागितलंच नव्हतं. सगळ्यांनी कबूल केलं. टोप्या विकणारी प्रोटेस्टंट मिस बर्च, तिच्या भावाला सबिनानेच शेवटचा कोट घातला होता, तिनेसुद्धा. सबिना आनंदाने मला म्हणाली की अख्ख्या वॉर्डाचं दुसरं मत तिचं आहे. मीही तिच्यासोबत खूश झालो. दोन शहाणे एकत्र आले की असंच होतं.

डिसेंबरात डब्लिनहून एक लांबडा माणूस आला, लोकांना नवी रीत करून दाखवायला. दारूबंदीवाल्यांच्या हॉलमध्ये त्याने खोटीखोटी निवडणूक घेतली. खऱ्या उमेदवारांची नावं घेतली तर डोकी फुटतील म्हणून त्याने लोकांनाच विचारलं, गावाला ज्यांच्यावाचून चालत नाही अशी सात कामं सांगा, आपण त्यातून तीन निवडू. लोकांनी सांगितलं: डॉक्टर, बेकरीवाला, दारूवाला, चांभार, शिंपीण, न्हावी. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि प्रेत धुणारी!" हशा झाला, सबिनाही हसली, आणि लांबड्याने ते फळ्यावर लिहिलं.

आम्ही सगळ्यांनी आकडे घातले. बिस्किटांचे सात डबे मांडले होते, एकेका नावाचा एकेक. लांबडा एकेक कागद वाचून ज्याला एक त्याच्या डब्यात टाकत गेला. डॉक्टर, दारूवाला, बेकरीवाला, चांभार यांचे डबे भरत आले. शिंपिणीचेही थोडे पडले. मला दोन मतं पडली. त्यातलं एक माझं. दुसरं कुणाचं हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

प्रेत धुणारीच्या डब्यात एकही कागद नव्हता.

कुणीच जिंकायला लागणारा आकडा गाठला नव्हता, म्हणून तळाचा बाद करायचा, असं लांबड्याने सांगितलं आणि रिकामा डबा उचलून टेबलाखाली ठेवला. पुन्हा हशा. सबिना मात्र उठून टेबलापाशी गेली. तिने डॉक्टरच्या डब्यातले कागद काढले आणि एकेक करून बघायला लागली. मग दारूवाल्याच्या. मग चांभाराच्या.

"इथे मला दोन आहे," ती म्हणाली. "इथेही दोन. इथेही. जवळजवळ प्रत्येक कागदावर मला दोन आहे."

"हो बाई," लांबडा म्हणाला. "पण ती दोनं अजून झोपलेली आहेत. ज्याला एक आहे तो जिंकून त्याच्याकडे मतं उरली, किंवा तो बाद झाला, तरच ती जागी होतात."

"आणि ती जागी होण्याआधीच मी टेबलाखाली."

"तसंच आहे," तो म्हणाला. माणूस चांगला होता, त्याला वाईट वाटलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा गारा पडत होत्या आणि ती माझ्यापुढे इतक्या झपझप चालत होती की मला धावावं लागलं. मला वाटलं ती रडतेय. ती संतापली होती, स्वतःवर. लोकांना बरं वाटावं म्हणून आपण दुसऱ्या नंबरवर जाऊन बसलो, असं ती म्हणत होती. आपण लाजलो. पेगसाठी मागायचं होतं आणि आपण लाजलो. मी म्हटलं आता तीन आठवडे उरलेत, काय करणार. तिने सांगितलं, परत सगळ्या घरी जायचं आणि दिलेलं दुसरं मत परत करून पहिलं मागायचं. पुढच्या दाराने.

आणि ती गेली. मलाही ओढून नेलं. पहिल्यांदाच पुढच्या दारावर तिची थाप पडली तेव्हा लोकांना आधीपेक्षाही जास्त धडकी भरली, पण तिने आता पाणी पाजणं बंद केलं होतं. उंबऱ्यात उभी राहून ती सांगायची, "मागच्या वेळी चुकीचं मागितलं. मला एक हवा." का, कसं, ते ती तीन वाक्यांत सांगायची: मला एक द्या, तुमच्या माणसाला दोन द्या. मी बाद झाले तर तुमचं आख्खं मत त्याच्याकडे जातं, त्याचं काही बुडत नाही. पण मी बाद झाले नाही तर गल्लीत पाणी येतं. काही घरं मान डोलवायची. काही घरं म्हणायची बघू, आणि बघू म्हणजे काय हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

अडलं ते तिच्या स्वतःच्या गल्लीत. कॉलमन रुएन चुलीपाशी बसला होता, त्याची बायको ब्रीड दाराला टेकून उभी. ब्रीडला मत होतं, कॉलमनलाही. सबिनाने मागितलं तेव्हा कॉलमनने चुलीतला निखारा आत सारला.

"पेगची पेटी गसने दिली," तो म्हणाला. "पांढरी. मी पैसे पुढे केले तर माझा हात बाजूला सारला. मी त्याला म्हटलं, एक तुला. आता ते कसं फिरवू, सबिना?"

मला वाटलं सबिना आता विहिरीचं नाव काढेल. तिच्याकडे बोलायला सगळं होतं, आणि ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. पण पोरीच्या बापाला त्याच्या पोरीचं मरण दाखवून मत मागणं तिला जमलं नाही. ती म्हणाली, "नको फिरवू. दिलेला शब्द ज्याचा, तोच सोडवेल." आणि तिथून उठली.

दुसरा दिवस शनिवार, बाजाराचा. गसचं दुकान दारापर्यंत भरलेलं. सबिना गर्दीतून सरळ गल्ल्यापाशी गेली. मी तिच्या मागोमाग घुसलो.

"डेव्हनीसाहेब," ती म्हणाली, "गल्लीने तुम्हाला पहिल्या मताचा शब्द दिलाय. त्यांना मोकळं करा."

गसने तराजूतलं पीठ पिशवीत ओतलं, पिशवीचं तोंड दुमडलं.

"आणि ते पहिलं मत कुणाला?"

"मला. दुसरं तुम्हाला. मी पडले की सगळी मतं तुमच्याकडे येतील. तुमचं काही जात नाही."

गसने तिच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. हॉलमधली ती रिकाम्या डब्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, कुणाच्या गेली नव्हती? त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, दुष्ट नाही, पोटभर जेवलेल्या माणसाचं.

"एवढंच ना? घे गल्ली. पलीकडचीही घे. लोकहो, माझी जागा पक्की आहे. ज्याला सबिनाला एक द्यायचाय त्याने खुशाल द्यावा. गस डेव्हनी कुणाला शब्दात अडकवून ठेवत नाही."

"पुन्हा एकदा म्हणा," सबिना म्हणाली. "कॉलमन दारात उभा आहे. त्याला ऐकू गेलं नसेल."

गसने ते पुन्हा म्हटलं, अधिक मोठ्याने, दारातल्या कॉलमनकडे बघून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्या वेळी मला ते अवलक्षण आहे हे कळलं नाही. मला वाटलं सबिना उगाच स्वतःची शोभा करून घेतेय.

कारण गसने सोडवलं होतं गल्लीला, पण ऐकलं होतं सगळ्या बाजाराने. रॉसकॅरात बातमी चालत जात नाही, उडत जाते. सोमवारी माझ्या खुर्चीत बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक साबणातून तेच बोलत होतं. गसची जागा पक्की आहे. त्यानेच सांगितलं. मग आपलं मत तिथे टाकून काय उपयोग, ज्याला गरज आहे त्याला देऊ. एकाने ते गोदीवरच्या मजूर पक्षवाल्याला द्यायचं ठरवलं, दुसऱ्याने मेहुण्याला, तिसऱ्याने सबिनाला. आमची माणसं अशीच. जो बुडतोय त्याच्याकडे धावतील, आणि जो पोहतोय त्याला म्हणतील, तुझं छान चाललंय.

मतदानाच्या आठवड्यात गसला याचा वास लागला. तो घरोघर जाऊन सांगायला लागला की माझी जागा पक्की नाही, मला एक द्या. लोकांना वाटलं, बघा किती नम्र झाला. "असं कसं गस," म्हणायचे, "तू तर निवडून आलास समज." बिचारा हात जोडायचा आणि लोक हसायचे. पण एक गोष्ट करायची त्याला सुचली नाही. सुरुवातीला आपल्या माणसांना दिलेला तो हुकूम, एक मला आणि दोन सबिनाला, तो त्याने परत घेतलाच नाही. तो विसरूनच गेला होता.

मोजणी न्यायालयाच्या इमारतीत झाली. उमेदवारासोबत एक माणूस आत सोडत, सबिनासोबत मी. लाकडी कठड्याला पोट टेकवून आम्ही सगळे टेबलाकडे बघत होतो. पहिल्या मोजणीत शिन फेनचा तरुण मास्तर आणि गोदीवाला मजूर असे दोघे निवडून आले. सबिनाच्या गठ्ठ्याकडे मी बघायचं टाळत होतो. मग बघितलं. गल्ली होती त्यात. मोठा रस्ताही थोडा होता. ज्या ज्या घरात तिने कुणाला तरी नीट निजवलं होतं, तिथून कुठून कुठून एकेक आलं होतं. मोठा गठ्ठा नव्हता, पण टेबलावर होता, टेबलाखाली नव्हता. मला एकदम रडू आलं आणि मी नाक शिंकरण्याचं सोंग केलं.

दिवसभर तळाचे एकेक बाद होत गेले आणि त्यांची मतं वाटली गेली. तिसरी जागा एका शेतमाल व्यापाऱ्याला गेली. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा एक जागा उरली होती आणि तीन माणसं: बँकेचा वकील लुई हेशन, सबिना आणि गस. हेशन पुढे. सबिना त्याच्या मागे. गस सबिनाच्या मागे, अगदी थोडक्या मतांनी.

म्हणजे बाद व्हायचा तो गस.

कारकुनाने त्याचं नाव वाचलं तेव्हा कुणी हुर्यो केली नाही. गस कठड्याच्या पलीकडच्या टोकाला टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचा गठ्ठा उघडला. त्यात उरले होते ते त्याचे सगळ्यात पक्के लोक, बाजारातली अफवा ज्यांना हलवू शकली नाही, गस सांगेल तसंच करणारे. कारकून एकेक कागद उचलून दुसऱ्या आकड्याचं नाव वाचायला लागला.

"लॅवेल. लॅवेल. हेशन. लॅवेल. लॅवेल. लॅवेल."

सबिना माझ्या बाजूला उभी होती. तिने कठडा इतका घट्ट धरला होता की तिचे ते लाल हात पांढरे पडले होते. "लॅवेल," कारकून म्हणत होता. "लॅवेल." हेशनने मध्येच आपली छत्री उचलली आणि निघून गेला. गस मात्र शेवटचा कागद वाचेपर्यंत थांबला. मग तो आमच्याकडे आला. मला वाटलं आता घर खाली कर म्हणणार.

"मीच सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. बराच वेळ तो टोपीची कड चाचपत राहिला. "माझं ऐकलं त्यांनी. एवढं तरी झालं."

"हो डेव्हनीसाहेब," सबिना म्हणाली. तिच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. त्याने टोपी घातली, आणि घर खाली करण्याचं नाव त्याने तेव्हाही काढलं नाही आणि पुढेही नाही.

निवडून येणं सोपं होतं असं पुढच्या काळात कळलं. नगरपालिकेत ती एकटी बाई. पाइपचा विषय काढला की कुणाला तरी खोकला यायचा. त्या दोन वर्षांत देशात काय काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर इंग्रज सैनिकांच्या लॉऱ्या, संध्याकाळनंतर बाहेर पडायची बंदी, कधी बैठकीला निम्मे सभासद तुरुंगात. सबिना प्रत्येक बैठकीत उभी राहून एकच वाक्य म्हणायची, टॅनयार्ड गल्लीच्या पाइपचं काय झालं, आणि उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही. अध्यक्षांनी एकदा वैतागून विचारलं, देश पेटलाय आणि तुम्हाला नळ सुचतो? ती म्हणाली, पेटलाय तर पाणी लागेलच. शेवटी तिला बसवण्यासाठी त्यांनी पाइप मंजूर केला, असं माझं आजही मत आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात नळ बसला, गल्लीच्या तोंडाशी, माझ्या दुकानाच्या समोर. पहिली बादली कुणी भरायची यावर वाद झाला नाही. ब्रीड रुएन पुढे आली. बादली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही, तशीच उभी राहिली, आणि आम्हीही कुणी तिला बंद कर म्हटलं नाही. सबिना मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. विहिरीवर त्याच आठवड्यात फरशी घातली. आवारही पुढे बंद झालं.

गस त्यानंतर पाच-सहा वर्षं जगला. एका सकाळी दुकानात पीठ मोजता मोजता खाली बसला तो उठलाच नाही. मला बोलावणं आलं. मी वस्तरा पिशवीत टाकून बाहेर पडलो तर सबिना गल्लीच्या नळापाशी बादल्या भरत होती. म्हातारी झाली होती, कंबर धरली होती तिची.

"अगं, गसच्या स्वयंपाकघरात नळ आहे," मी म्हटलं. "त्या चढावरून कशाला वाहून नेतेस?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि दुसरी बादली नळाखाली लावली.

मी एक बादली घेतली, तिने एक. मोठा रस्ता ओलांडून, बँकेसमोरच्या नळावरून आम्ही गेलो. मागच्या दाराने आत शिरलो. तिने आरसा झाकला, घड्याळ थांबवलं, बाह्या वर केल्या आणि फडका पिळला.

"ये गस," ती म्हणाली. "हे पाणी तुझ्याच माणसांनी आणून दिलंय. चेहरा वर कर."

मग ती बाजूला झाली आणि मी साबण लावला, चांगला भरपूर.